विनोदातील नाव आणि बाजारातील बाटली : भंडारा जिल्ह्यातील मोहफुलाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

आधी वस्तू निर्माण होते आणि नंतर तिला नाव प्राप्त होते, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या क्रमाला छेद देणारी एक घटना घडली. एका विनोदी मालिकेत केवळ थट्टेसाठी रचलेले बिअरचे नाव खऱ्या डब्यांवर छापले गेले आणि त्या नावाची मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. तेथे नाव होते, वस्तू नव्हती. भंडारा जिल्ह्यात याच प्रश्नाची नेमकी उलट बाजू पाहावयास मिळते. येथील मोहफुलाची दारू पिढ्यान्‌पिढ्या अस्तित्वात आहे. परंतु तिला बाजारात मान्य होईल असे नाव नाही. ‘हातभट्टीची’, ‘पहिल्या धारेची’ ही तिची नावे उपहासाची आहेत. अलीकडील काळात मात्र हीच दारू सुबक बाटलीतून प्रतिष्ठित वस्तू म्हणून विकली जाऊ लागली आहे. या दोन्ही उदाहरणांच्या आधारे नावाचे आर्थिक मूल्य कसे निर्माण होते आणि ते कोणाच्या पदरात पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. वाणिज्य, विधी, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही विद्याशाखांचा या विषयाशी संबंध येतो.

थट्टेतून जन्मलेली बिअर :

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन व्यंगचित्र मालिका १९८९ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली. मॅट ग्रोनिंग हे तिचे निर्माते. मालिकेतील कुटुंबप्रमुख होमर सिम्पसन हा ‘डफ’ नावाच्या बिअरचा निस्सीम भक्त दाखविला आहे. मोठ्या कंपन्यांची एकसारखी बेचव बिअर, तिच्या भडक जाहिराती आणि त्यांना भुलणारा ग्राहक यांची टर उडविण्यासाठी हे नाव योजले होते. १९९३ मधील एका भागात ‘डफ’, ‘डफ लाइट’ आणि ‘डफ ड्राय’ असे तीन प्रकार एकाच नळातून वेगवेगळ्या पिंपांत भरले जाताना दाखविले आहेत. नाव वेगळे, लेबल वेगळे, आतील द्रव मात्र तोच, हे त्या विनोदाचे मर्म होय.

गंमत अशी की, ज्या नावाने जाहिरातबाजीची खिल्ली उडविली तेच नाव उत्तम जाहिरात ठरले. कोट्यवधी प्रेक्षकांच्या तोंडी ते आयते रुजले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातील साऊथ ऑस्ट्रेलियन ब्रुइंग कंपनी व कॅसलमेन पर्किन्स या मद्यनिर्मात्यांनी ‘डफ बिअर’ या नावाने खरी बिअर बाजारात आणली. डब्यावर मालिकेतील एकाही पात्राचे चित्र नव्हते. मालिकेचे हक्कदार ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स यांनी दावा दाखल केला आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने तो मान्य केला.

हा निर्णय समजून घेण्यासारखा आहे. वादीने त्या वेळपर्यंत बिअरचा एक थेंबही विकलेला नव्हता. तरीही ‘डफ’ हे नाव ऐकताच ग्राहकाला मालिका आठवते, ही आठवण जागवूनच माल खपविण्याचा उत्पादकांचा हेतू होता, आणि त्यामुळे मालिकेच्या निर्मात्यांची संमती आहे असा लोकांचा गैरसमज होतो, असे न्यायालयास आढळले. दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपविणे, ज्यास विधिशास्त्रात ‘पासिंग ऑफ’ म्हणतात, ते येथे सिद्ध झाले. त्या बिअरचे उरलेले डबे पुढे संग्राहकांच्या हौसेचा विषय बनले. कालांतराने हक्कदारांनी स्वतःच आपली भूमिका बदलली आणि काही ठिकाणी अधिकृत परवान्याने ‘डफ’ची विक्री सुरू झाली. अशा रीतीने एका थट्टेचे रूपांतर प्रथम वादात, नंतर संग्राह्य वस्तूत आणि शेवटी परवानाधारक उत्पादनात झाले.

या उदाहरणातून एक सूत्र हाती येते. नावाचे मूल्य वस्तूच्या गुणात नसून लोकांच्या स्मरणात असते, आणि त्या स्मरणावर जो वेळीच हक्क सांगतो त्याच्या बाजूने कायदा उभा राहतो.

वस्तू आहे, नाव नाही :

आता भंडारा जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके या जिल्ह्यात उरले. तलाव आणि धान ही जिल्ह्याची ओळख असली तरी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, कोका अभयारण्य आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या परिसरातील गावांच्या अर्थकारणात तेंदूपानाच्या बरोबरीने मोहाला स्थान आहे. मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या सुमारास त्याची मांसल, फिकट पिवळसर फुले आपोआप गळतात. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जाणे, एकेक फूल वेचणे आणि अंगणात पसरून वाळविणे हे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुले करतात. हाच हंगाम अस्वलांच्याही आवडीचा असल्याने आणि वाघाचा वावर असलेल्या जंगलात पहाटेच्या अंधारात वाकून हे काम करावे लागत असल्याने त्यात जिवाची जोखीम असते. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. तिच्यातून वणवे लागतात, हा या व्यवसायाचा दुसरा प्रश्न आहे.

मोहफूल म्हणजे केवळ दारू नव्हे. वाळलेली फुले भाजून, कुटून लाडू करतात; पिठात मिसळून भाकरी करतात; जनावरांच्या खाद्यातही ती वापरतात. बियांपासून खाद्यतेल निघते. टंचाईच्या काळात हे झाड माणसांना जगविणारे ठरले. गोंड समाजाच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या विधींत मोहाला स्थान आहे. परंतु नागर मराठी बोलण्यात मोह म्हटले की डोळ्यांसमोर येते ती झिंगलेल्या माणसाची विनोदी प्रतिमा. नाटक, चित्रपट आणि रोजची थट्टामस्करी यांनी ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचविला. ‘डफ’प्रमाणेच हेही विनोदाने रुजविलेले नाव आहे, फरक इतकाच की, त्या नावामागची वस्तू खरी आहे आणि ती तयार करणारी माणसेही खरी आहेत.

‘पहिली धार’ : शब्दामागील रसायनशास्त्र :

ज्या शब्दाचा विनोद होतो त्याचा तांत्रिक अर्थ सहसा सांगितला जात नाही. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या सुमारे निम्म्या प्रमाणात शर्करा असते. फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की निसर्गतः असलेल्या किण्वांमुळे शर्करेचे रूपांतर इथिल अल्कोहोल व कर्बवायूत होते. हे आंबवण भांड्यात तापविले असता ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारे अल्कोहोल पाण्याच्या आधी अधिक प्रमाणात वाफरूप घेते. ही वाफ थंड केली की ऊर्ध्वपातित द्रव मिळतो. आरंभी पडणाऱ्या द्रवात अल्कोहोलचे प्रमाण सर्वाधिक असते, म्हणून ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सर्वांत कडक. परंतु याच धारेत अॅसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी अपायकारक द्रव्येही एकवटतात. म्हणून नियंत्रित कारखान्यात हा आरंभीचा भाग वेगळा काढून टाकतात. विनोदात जी उत्तम मानली जाते, ती तंत्रज्ञाच्या दृष्टीने टाकून देण्याजोगी असते.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांचा दोष सरसकट हातभट्टीच्या आंबवणावर टाकला जातो. मुंबईत जून २०१५ मध्ये मालवणी येथे शंभरहून अधिक माणसे दगावली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्लात रूपांतर होते आणि ते दृष्टी व जीव दोन्ही हिरावून घेते. मोहफुलाच्या आंबवणातून इतके मिथेनॉल निर्माण होत नाही. ते बाहेरून येते. अर्थात बंदीच्या सावलीत चालणाऱ्या धंद्यात भेसळ ओळखण्याची कोणतीही सोय नसते, ही वस्तुस्थिती उरतेच.

कायद्याच्या नजरेतील मोह :

मोहफूल हे फूल असले तरी कायद्याने त्याकडे दीर्घकाळ दारू म्हणूनच पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये खास मोहासाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवर निर्बंध घातले गेले. चोरटी दारू गाळल्याने सरकारी महसूल बुडतो, हे त्यामागील कारण होते. भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात असल्याने येथे १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा लागू झाला. स्वातंत्र्यानंतर आलेला मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९, म्हणजेच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भालाही लागू झाला. त्यातही मोहफुलांच्या संग्रहावर, वाहतुकीवर व विक्रीवर बंधने होती. परिणामी लाडवासाठी साठविलेली फुलेही संशयाच्या कक्षेत येत. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, वाहतूक व विक्री यांवरील निर्बंध उठविले. जे फूल वसाहतकाळापासून गुन्ह्याशी जोडले गेले होते, ते त्या वर्षी पुन्हा वनोपज ठरले. फुलापासून दारू गाळणे मात्र विनापरवाना गुन्हाच राहिले.

येथे शेजारच्या राज्यांशी तुलना उद्‌बोधक ठरते. मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती दारू गाळण्याची मर्यादित सूट आहे. मध्य प्रदेशाने पुढचे पाऊल टाकून मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ असा दर्जा देणारे धोरण आखले आणि तेथील आदिवासी बचत गटाने अलीराजपूर जिल्ह्यात तयार केलेली दारू ‘मोंड’ या नावाने २०२३ च्या सुमारास बाजारात आणली. तुमसर तालुक्याच्या सीमेवर उभे राहिले असता एकाच झाडाच्या फुलाला दोन बाजूंस दोन वेगळे कायदे लागू होतात.

उपहासाचे प्रतिष्ठेत रूपांतर :

याच सुमारास खासगी उद्योजकांचेही मोहाकडे लक्ष गेले. गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने २०१८ मध्ये मोहाचे मद्य बाटलीबंद करून विक्रीस आणले. महाराष्ट्रातील डहाणू येथील साऊथ सीज डिस्टिलरीज या जुन्या मद्यनिर्मात्यांनी २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ या नाममुद्रेने ‘महुरा’ हे मद्य सादर केले. उत्पादन नियंत्रित पद्धतीने होत असल्याने ग्राहकाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. फूल तेच राहिले, तरी नाव, बाटली आणि परवाना यांनी त्याचे सामाजिक स्थान बदलले. गावातल्या भट्टीवर पोलीस धाड घालतात आणि शहरातल्या हॉटेलात तोच सुगंध ‘भारतीय वारसा’ म्हणून पेल्यातून दिला जातो. ‘डफ’च्या विनोदातील एकच नळ आणि तीन पिंपे येथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मूल्याची वाटणी किती विषम होऊ शकते, हे एका साध्या गणिताने दाखविता येते. एक किलो वाळलेल्या फुलात ५०० ग्रॅम शर्करा धरली, तर किण्वनाच्या सैद्धांतिक नियमानुसार तिच्या सुमारे ५१ टक्के, म्हणजे २५५ ग्रॅम अल्कोहोल मिळेल. अल्कोहोलची घनता ०.७८९ असल्याने हे आकारमानाने सुमारे ३२३ मिलिलिटर होते. भारतात प्रचलित असलेल्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या मद्यात त्याचे रूपांतर केल्यास सुमारे ७५५ मिलिलिटर, म्हणजे जवळपास एक पूर्ण बाटली भरते. प्रत्यक्षात घट होते, म्हणून बाटलीमागे दीड किलो फुले लागतात असे मानू. केंद्र शासनाने गौण वनोपजासाठी ठरविलेल्या किमान आधारभूत किमतीत २०२० मध्ये मोहफुलाचा दर किलोस ३० रुपये होता. त्या दराने एका बाटलीत वेचणाऱ्या बाईचा वाटा ४५ रुपयांच्या पुढे जात नाही. बाटलीची किंमत शेकड्यांत असो वा हजारांत, उरलेले मूल्य प्रक्रिया, कर, वितरण आणि नाव यांच्या वाट्याला जाते. पहिल्या तिन्हींना खर्च येतो. नावाचे मूल्य मात्र ज्या परंपरेतून आले, तिच्या वाट्याला काहीच येत नाही.

नावावर हक्क कसा सांगता येईल :

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार वस्तूचे केवळ वर्णन करणाऱ्या शब्दाची एखाद्याची खासगी नाममुद्रा म्हणून सहसा नोंद होऊ शकत नाही. म्हणून ‘मोह’ हा शब्द कोणाच्याही एकट्याच्या मालकीचा होणार नाही, ही समाधानाची बाब आहे. परंतु जे कोणाचेच नाही त्याचा उपयोग ज्याच्याजवळ भांडवल आहे तोच आधी करतो. यावर उपाय म्हणून त्याच वर्षीचा भौगोलिक निर्देशन अधिनियम उपलब्ध आहे. विशिष्ट प्रदेशामुळे गुण वा लौकिक लाभलेल्या वस्तूचे नाव त्या प्रदेशातील उत्पादकांना सामूहिकपणे राखून ठेवता येते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये अशी नोंद मिळाली आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. फेणीही एके काळी थट्टेचाच विषय होती. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीने आणि सीमेपलीकडील बालाघाटच्या चिन्नोर तांदळाने हाच मार्ग चोखाळला. दारूचा वाद बाजूला ठेवून वाळलेले मोहफूल, लाडू किंवा अन्य खाद्यपदार्थ यांसाठीही अशी नोंद घेता येऊ शकते.

विलंबाचे परिणाम दाखविणारा निर्णय भारतीय सर्वोच्च न्यायालयाचाही आहे. ‘पीटर स्कॉट’ ही भारतीय व्हिस्की १९६८ पासून विकली जात होती. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने या नावाविरुद्ध १९८६ मध्ये अर्ज केला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला. त्यात या दीर्घ विलंबाचा विचार महत्त्वाचा ठरला. जगप्रसिद्ध आणि सुसंघटित संस्थेलाही उशीर भोवतो, तर असंघटित संकलकांचे काय, हा प्रश्न विचार करावयास लावणारा आहे.

दुसरा आधार वनहक्क अधिनियम, २००६ चा आहे. भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नसल्याने १९९६ च्या पेसा कायद्याचे अधिकार येथील ग्रामसभांना मिळत नाहीत. वनहक्क अधिनियम मात्र सर्वत्र लागू आहे. गौण वनोपज गोळा करणे, त्याचा वापर करणे व विल्हेवाट लावणे यांवर वनहक्कधारकांची मालकी तो मान्य करतो. सामूहिक वनहक्क प्राप्त झालेल्या ग्रामसभांनी संकलन, प्रतवारी, साठवण व विक्री एकत्रितपणे केली, तर व्यापाऱ्याने ठरविलेल्या भावावर अवलंबून राहावे लागणार नाही.

एक आवश्यक मर्यादा :

मोहाच्या प्रतिष्ठेविषयी लिहिताना दारूच्या दुष्परिणामांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीतून आली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याचा अधिकार ज्या स्त्रियांनी वापरला, त्यांच्या घरातील अनुभव कोणत्याही वारसा-गौरवाने खोडला जाणार नाही. फुले वेचणारी आणि दारूने घर उद्ध्वस्त झालेली स्त्री अनेकदा एकच असते. म्हणूनच मोहाच्या दारूला मान्यता द्यावी की देऊ नये, हा प्रश्न फुलाच्या मालकीच्या प्रश्नापासून वेगळा ठेवणे इष्ट ठरते. दारू नको म्हणणाऱ्या ग्रामसभेलाही फुलाचा योग्य भाव मागता आला पाहिजे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, विनोद व उपहास हे नावाचे मूल्य कमी करतातच असे नाही. ते नाव लोकांच्या स्मरणात रुजवितात आणि संधी मिळताच त्याचे आर्थिक मूल्य प्रकट होते. दुसरी, कायदा त्या मूल्याचे संरक्षण करतो, परंतु जो संघटितपणे व वेळीच हक्क सांगतो त्याचेच. ‘डफ’च्या प्रकरणात एकही बाटली न विकलेल्या कंपनीला नावाचे संरक्षण मिळाले, कारण तिच्याजवळ नावाचा सिद्ध करता येण्याजोगा लौकिक आणि वकील होते. मोहाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या वस्तू घडविणाऱ्यांजवळ यांपैकी काहीच नाही. तिसरी, भौगोलिक निर्देशन आणि सामूहिक वनहक्क ही दोन साधने एकत्र वापरली तरच हा असमतोल काही अंशी दूर होऊ शकेल.

या कामात जिल्ह्यातील महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. भौगोलिक निर्देशनाच्या अर्जासाठी वस्तूचा इतिहास, गुणधर्म आणि प्रदेशाशी असलेला संबंध यांचे पुरावे लागतात. रसायनशास्त्र विभागाने येथील फुलांचे पृथक्करण करावे, इतिहास विभागाने मध्य प्रांताच्या अबकारी नोंदी तपासाव्यात, मराठी विभागाने झाडीबोलीतील मोहाविषयीचे शब्द व गीते नोंदवावीत आणि वाणिज्य विभागाने संकलकापासून बाटलीपर्यंतच्या किमतींची साखळी मांडावी. असे केल्यास उपहासातून आलेल्या नावाचा मोबदला, पहाटेच्या अंधारात ते फूल वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण होईल.